किमान वेतन वाढल्यावर वाढीचे पैसे कोणाच्या खिशातून जातात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या वडिलांचा वसई पूर्वेला प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा आहे आणि त्यात २२ माणसे काम करतात. किमान वेतन वाढवण्याची मागणी झाली की वडील म्हणतात, ‘चार पोरं कमी करावी लागतील’. आणि अर्थशास्त्र शिकणारी आपली बहीण म्हणते की जगभरातले अभ्यास असे काही दाखवत नाहीत. दोघांपैकी खरे कोणाचे, असे आपण विचारले आहे. मी गेली २७ वर्षे मुंबई, ठाणे आणि वसई पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची, हाउसकीपिंग आणि सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या ठेकेदारांची आणि मध्यंतरी सहा वर्षे एका कामगार संघटनेची पगारपत्रके, हजेरीपत्रके आणि वेतनाचे दावे पाहत आलो आहे. त्या कामातून माझे मत असे बनले आहे की दर किती रुपयांनी वाढला, यावर सगळा वाद होतो. परंतु ती वाढ कोणाच्या बिलात चढली, किती मुदतीत चढली आणि कामगाराच्या हातात किती उरली, यावर नोकऱ्या टिकणे किंवा जाणे ठरते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. एकूण खर्चात मजुरीचा वाटा किती, आज आपण अधिसूचित, म्हणजे शासनाने जाहीर केलेल्या, दरापेक्षा जास्त देता की काठावर आहात, आणि आपली पार्टी, म्हणजे माल घेणारा ग्राहक, रेट वाढवून देते की वर्षभराचा भाव बांधून घेते, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणत्याही एका गाळ्याविषयी ठाम बोलता येत नाही. म्हणून आधी कायद्याची रचना सांगतो आणि मग हिशोबाकडे येतो.

किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडले गेले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. कायदा झाला १९४८ मध्ये. हे वेतन कशाच्या आधारे ठरवायचे, याचे मापदंड १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले: एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग एकके (म्हणजे तीन प्रौढांइतका खर्च), प्रत्येकी २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्यासाठी आणखी २५ टक्क्यांचा विचार व्हावा असे म्हटले. ‘मला हे वेतन परवडत नाही’ ही मालकाची सबब कायद्याला मान्य नाही, हेही न्यायालयाने पन्नासच्या दशकातच स्पष्ट केले होते. आणि १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाड बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करवून घेणे ही राज्यघटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारीच आहे, असा निर्वाळा दिला. म्हणजे कायद्याच्या नजरेत हा माणसाला माणूस म्हणून राबवण्याचा किमान भाव आहे आणि त्याच्या खाली घासाघीस नाही. मी स्वतः याच बाजूचा आहे, हे आपल्याला आधीच सांगितलेले बरे.

महाराष्ट्रात या वेतनाचे दोन भाग असतात. पहिला मूळ दर. तो उद्योगवार, परिमंडळवार (म्हणजे राज्यातल्या भागानुसार) आणि कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा श्रेणीवार ठरतो. दुसरा विशेष भत्ता, जो ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. विशेष भत्त्याची वाढ महागाईने खाल्लेले तेवढे भरून काढते. कामगाराची खरी पत वाढते ती मूळ दर बदलल्यावर. १९४८ च्या कायद्याप्रमाणे मूळ दराचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हायला हवा होता, परंतु माझ्या पाहण्यातल्या कित्येक उद्योगांत ही मुदत उलटून गेली. दर बराच काळ गोठून राहतो, मग एका अधिसूचनेने एकदम उडी घेतो, आणि लहान मालकाचे कंबरडे मोडते ते त्या उडीने.

याचे एक उदाहरण साकीनाक्याच्या एका गाळ्याचे. मालकाने एप्रिलमध्ये पार्टीशी वर्षभराचा रेट बांधला होता आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या उद्योगाचा मूळ दर कित्येक वर्षांनी बदलला. वाढलेला पगार त्यांनी दिला, पण मार्चपर्यंत त्यांना जुन्याच रेटने माल द्यावा लागला. दिवाळीनंतर त्यांनी दोन हेल्पर कमी केले. पुढच्या एप्रिलमध्ये रेट वाढवून मिळाला, तेव्हा त्यांनी तीन माणसे घेतली. त्यांतला एक तर आधी काढलेल्यांपैकीच होता. त्या दोन माणसांच्या घरी गेलेले पाच महिने कोणत्याही आकडेवारीत दिसणार नाहीत, कारण वर्षाच्या दोन्ही टोकांना माणसांची संख्या जवळजवळ तितकीच आहे. तरी तो तोटा खरा होता, आणि तो दराने केला नाही, वेळेने केला.

आता आपल्या गाळ्यासारख्या धंद्याचा हिशोब मांडू. मोल्डिंगच्या गाळ्यांत मला साधारण असे चित्र दिसते: १०० रुपयांच्या विक्रीत दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) ५८ रुपयांचा, पीएफ आणि ईएसआय धरून मजुरी १२, वीज ९, भाडे आणि व्याज ८, वाहतूक, मोल्डची देखभाल व इतर किरकोळ खर्च ८, आणि मालकाच्या हातात ५. मजुरी १५ टक्क्यांनी वाढली, तर १२ चे १३ रुपये ८० पैसे होतात. बहीण म्हणेल की मालाच्या किमतीत जेमतेम १.८ टक्क्यांचा फरक पडला आणि दाण्याचा भाव महिन्याभरात याहून जास्त हलतो. तिचे बरोबर आहे. वडील म्हणतील की त्यांच्या ५ रुपयांतले १ रुपया ८० पैसे गेले, म्हणजे नफ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गेला. त्यांचेही खोटे नाही. पार्टीने १ रुपया ८० पैसे वाढवून दिले तर कोणाला काढायचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि पार्टी अडून बसली तर वडिलांची चिंता प्रत्यक्षात उतरू शकते. चर्चेत मालक आणि कामगार एवढेच दोघे समोरासमोर उभे केले जातात. तिसरा, म्हणजे माल घेणारा, नेहमी बाहेर राहतो, आणि माझ्या अनुभवात भाव ठरवण्याची ताकद बहुधा त्याच्याकडेच असते.

सुरक्षारक्षक किंवा सफाईच्या ठेक्यात गणित याहून निराळे आहे. तिथे १०० रुपयांच्या बिलात ८५ रुपयांच्या आसपास पगार आणि त्यावरचे भरणेच असते. १५ टक्के वाढ म्हणजे पावणेतेरा रुपये, आणि ठेकेदाराचा सर्व्हिस चार्ज त्याहून कमी. ही वाढ तो पोटात घालूच शकत नाही. एक तर सोसायटीने किंवा कार्यालयाने बिल वाढवून द्यायचे, नाहीतर वाढ कागदावर राहणार. मुंबईतल्या बहुतेक इमारतींच्या फाटकावर बसलेल्या रक्षकाची ड्यूटी बारा तासांची असते. आठ तासांची पाळी धरून वरच्या चार तासांना दुप्पट दर लावला, तर त्या ड्यूटीचे दोन दिवसांचे वेतन होते. त्याला मिळते बहुधा दीड दिवसाचे, काही ठिकाणी एकाच दिवसाचे. सोसायटीच्या वार्षिक सभेत तीन कोटेशने ठेवली जातात आणि सर्वांत खालचे मंजूर होते, तेव्हा तो रेट कायदेशीर पगारात बसतो का, हे विचारणारा सभासद मला आजवर एकदाच भेटला. ठेकेदाराने पगार कमी दिला तर फरक भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ठेकेदाराकडून काम करवून घेणाऱ्यावर, येते, हे तत्त्व कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून आहे. ते माहीत असते तर ते सर्वांत खालचे कोटेशन कोणी उचलले नसते.

आता बहीण ज्या अभ्यासांविषयी बोलते त्यांकडे येतो. यांतला सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने ताशी किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्टफूड उपाहारगृहे वाढीच्या आधी आणि नंतर तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, त्यामागे हे कामही होते. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी उपाहारगृहांची पगारपत्रके तपासून या निष्कर्षाला आव्हान दिले, आणि तो वाद आजही मिटलेला नाही. २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने ताशी १५ डॉलरच्या प्रस्तावाचा अंदाज बांधला, तेव्हा १ कोटी ७० लाख कामगारांचे वेतन थेट वाढेल आणि मधल्या अंदाजाप्रमाणे १३ लाख नोकऱ्या जातील, असे दोन्ही आकडे एकाच अहवालात होते. तिथल्या दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचा आकडा उचलला, आणि संघराज्याचा दर २००९ पासून ७.२५ डॉलरवरच थांबला आहे.

वेतन वाढूनही माणसे का कमी होत नाहीत, याचे अर्थशास्त्रातले उत्तर वसईत डोळ्यांनी दिसते. पुस्तकी बाजारात कामगाराला ५०० रुपये जास्त देणारा मालक सापडला की तो लगेच निघून जातो. आपल्या गाळ्यातला हेल्पर तसा जाऊ शकत नाही. त्याने मालकाकडून उचल घेतलेली असते, नालासोपाऱ्याची खोली गावच्या चार जणांत वाटून घेतलेली असते, दुसरीकडे ओळख नसते, आणि अंधेरीला काम धरले तर लोकलचा पास आणि येण्याजाण्याचे दोन-अडीच तास वाढतात. या अडकलेपणामुळे मालक त्याला त्याच्या कामाच्या किमतीपेक्षा कमी देऊ शकतो, आणि कायद्याने दर वाढवला तरी त्याला ठेवणे मालकाच्या फायद्याचेच राहते. शिवाय बरा पगार देणाऱ्या गाळ्यांत होळीला गावी गेलेली माणसे परत येतात. दर वर्षी पाच-सहा नवी माणसे शिकवण्यात, त्यांच्या हातून फुकट जाणाऱ्या मालात आणि बंद पडलेल्या मशीनमध्ये जो पैसा जातो, तो कोणी खतावणीत मांडत नाही. तरीही एक मर्यादा आहेच. मालकाला मिळणाऱ्या किमतीच्या वर दर गेला की माणूस नक्की कमी होतो, आणि ती मर्यादा मुंबईत एक तर गडचिरोलीत दुसरी असणार. राज्यात परिमंडळे केली आहेत ती याचसाठी.

परंतु अमेरिकेचे निष्कर्ष जसेच्या तसे इकडे आणताना मोठी अडचण येते. तिथे दर वाढला की बहुतांश कामगारांच्या खात्यात तो येतो. इथे तो रजिस्टरमध्ये येतो. काही वर्षांपूर्वी पश्चिम उपनगरातल्या एका स्टेशनबाहेर, महिन्याच्या दहा तारखेला संध्याकाळी, मी एटीएमच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या माणसाच्या हातात रबर लावलेली चौदा कार्डांची गड्डी होती आणि एका चिठ्ठीवर पिन नंबर लिहिलेले होते. एकेक कार्ड घालून तो पूर्ण पगार काढत होता, त्यातली ठरलेली रक्कम वरच्या खिशात ठेवत होता आणि उरलेली बाहेर पायरीवर बसलेल्या बायकांना नावाने हाक मारून देत होता. तो एका सफाई ठेकेदाराचा मुकादम होता. त्या ठेकेदाराचे पगारपत्रक मी त्याच महिन्यात तपासले होते: बँकेतून वेतन, पीएफचे चलान वेळेवर, विशेष भत्ता ताज्या दराने, कुठेही खोट नाही. त्या पत्रकावर तपासल्याची सही माझी होती. ते काम मी पुढच्याच महिन्यात सोडले. पण त्या बायकांच्या हातात त्यामुळे एक रुपयाही जास्त पडला नाही, याची बोच अजून आहे. दर वाढला की गाळे बंद पडतील, अशी भीती व्यक्त करणाऱ्यांना मी म्हणून विचारतो की आजचा दर तरी किती जणांच्या हातात पूर्ण पडतो? आणि दर वाढवून घेतला की लढाई जिंकली, असे मानणाऱ्या संघटनेतल्या मित्रांनाही माझा हाच प्रश्न असतो. घरी बसून डझनावर इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवणाऱ्या मालाडच्या बायकांपर्यंत तर हा वाद पोहोचतच नाही.

आणखी एका परिणामाचा उल्लेख करायला हवा, कारण आपल्या वडिलांच्या आकड्यात तो बहुधा धरलेला नसेल. दर वाढला की तळाच्या माणसाचा पगार वाढतो आणि वरच्याचा तिथेच राहतो. एका कारखान्यातल्या ऑपरेटरने माझ्या टेबलावर दोन पगारपावत्या शेजारी ठेवल्या होत्या. एक त्याची, बारा वर्षांच्या नोकरीची. दुसरी चार महिन्यांपूर्वी आलेल्या हेल्परची. फरक होता ११०० रुपयांचा. तो रागावला नव्हता. ‘माझ्या बारा वर्षांचे एवढेच का?’ असे त्याने विचारले. कायद्याने त्याला काही द्यावे लागत नव्हते, पण तो गेला असता तर दोन मशीन थांबल्या असत्या. म्हणून मालकाने त्याचेही वाढवले. खरी वाढ नेहमी अधिसूचनेपेक्षा थोडी मोठी असते ती अशी.

राजकारणातल्या आकड्यांविषयी. कामगार संघटना देशभर महिना २६,००० रुपयांची मागणी करतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने दिवसाला ४०० रुपयांचे आश्वासन दिले होते. केंद्राने सुचवलेला राष्ट्रीय तळदर २०१७ पासून दिवसाला १७६ रुपयांवर होता आणि तो बंधनकारकही नव्हता. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीने ३७५ रुपयांची शिफारस केली, ती मान्य झाली नाही. दिल्ली सरकारने मार्च २०१७ मध्ये एकदम सुमारे ३७ टक्के वाढ केली, ती अधिसूचना ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवली, आणि मधल्या काळात वाढीव पगार दिलेले आणि न दिलेले असे दोन्ही मालक हवालदिल झाले. दर वर्षांनुवर्षे न हलवता निवडणुकीच्या तोंडावर मोठा आकडा जाहीर करायचा, या पद्धतीने कामगाराचेही भले होत नाही. मूळ दर दरवर्षी थोडा थोडा वाढावा आणि पुढच्या वर्षीची वाढ निदान सहा महिने आधी जाहीर व्हावी. तसे झाले तर साकीनाक्याच्या त्या दोन हेल्परांची दिवाळीनंतरची मजुरी बुडाली नसती.

१९४८ च्या कायद्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. आता किमान वेतन अनुसूचीतल्या ठरावीक उद्योगांपुरते न राहता सर्व कर्मचाऱ्यांना लागू आहे, केंद्राच्या तळदराच्या खाली राज्यांना जाता येत नाही, आणि वेतनाचा दावा पूर्वी सहा महिन्यांत करावा लागे तो आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. १९४८ च्या कायद्यात कमी वेतन देण्याबद्दल ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होती. आता दंड ५०,००० रुपयांपर्यंत आहे. वडिलांच्या दृष्टीने यांतली तीन वर्षांची मुदत महत्त्वाची आहे. आज दराखाली काढलेला पगार तीन वर्षांनी फरकाच्या रकमेसह समोर येऊ शकतो, आणि तेव्हा तो एकरकमी द्यावा लागतो.

वडिलांनी काय करावे, हेही आपण विचारले होते. मागच्या वर्षाच्या विक्रीत मजुरी किती टक्के होती, ते त्यांनी आधी ताळेबंदातून काढावे. त्यावरून १० आणि १५ टक्के वाढीचा बोजा एका नगामागे किती पैसे पडतो ते लिहावे. मग पुढच्या कोटेशनमध्ये एक ओळ घालावी: ‘शासनाच्या अधिसूचनेमुळे किमान वेतनात किंवा विशेष भत्त्यात बदल झाल्यास त्या तारखेपासून दरात त्या प्रमाणात फरक केला जाईल.’ दाण्याच्या भावासाठी असे कलम बहुतेक पार्ट्या मान्य करतात. मजुरीसाठी लहान गाळेवाले ते मागतच नाहीत. एकाने मागितले तर पार्टी दुसरीकडे जाईल, हे भय खरे आहे, म्हणून आसपासच्या आठ-दहा गाळेवाल्यांनी मिळून ते मागावे. आणि ज्या चार मुलांना काढायचे असे वडील म्हणतात, त्यांची नावे त्यांनी हजेरीपत्रकावर पेन्सिलीने खुणावून पाहावीत. मशीनला ऑपरेटर लागतोच. उरतात ते रनर (मालाला चिकटलेली प्लास्टिकची काडी) तोडणारे, फ्लॅश (कडेचे जादा प्लास्टिक) साफ करणारे आणि पॅकिंग करणारे. मागच्या तीन महिन्यांत त्या चौघांचे जितके खाडे झाले, त्या त्या दिवशी किती माल उशिरा गेला, हे चलानाच्या तारखांवरून लगेच कळेल. तो कागद तयार झाला की घरातला वाद पुढे चालवावा. आणि आकडे मला कळवलेत तर मीही त्यांवरून पुन्हा हिशोब करून देईन.